जुन्या चाकांची मापे

जुन्या मोटारसायकलींविषयी मराठीत आणि इतरत्र जे लिहिले-बोलले जाते त्यातला मोठा वाटा इंजिनाचा असतो, आणि चाकाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर काढायची वेळ आल्यावरच होतो. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथील जुन्या सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जावा, येझदी, बुलेट वा राजदूत पाहिल्या, तर त्यांतील अनेक इंजिने कार्बोरेटर साफ करून आणि प्लग बदलून पुन्हा चालू होण्याजोगी असतात. गाडी अडते ती चाकामुळे. खाडीवरून आणि समुद्रावरून येणारी खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांनी रिमचा मुलामा आतून सुटलेला असतो, आरे निपलमध्ये, म्हणजे त्यांना रिमशी धरून ठेवणाऱ्या लहान नटांत, गंजून एकजीव झालेले असतात आणि एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा भार सतत त्याच बिंदूवर घेतल्याने बेअरिंगच्या कड्यांवर खळगे पडलेले असतात. अशा चाकासाठी जुळणारा भाग शोधणे वरवर पाहता बाजारातील खरेदीचे काम वाटते. प्रत्यक्षात ते मोजमापाचे शास्त्र आहे, आणि या शास्त्राची उपनगरांतील परंपरा पुरेशा आदराने नोंदवली गेलेली नाही.

तारांच्या चाकाची रचना समजून घेतल्यावाचून या अडचणीचे स्वरूप कळत नाही. बैलगाडीच्या चाकात तुंबा खालच्या लाकडी आऱ्यांवर टेकून उभा असतो; तारेचा बारीक आरा मात्र दाब सोसू शकत नाही, केवळ ताण सोसतो, म्हणून मोटारसायकलीच्या चाकात सर्व आरे आधीच ताणून बसवलेले असतात आणि गाडीचा भार आला की जमिनीलगतच्या आऱ्यांवरचा ताण थोडा उतरतो इतकेच. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी सायकलीसाठी स्पर्शरेषेच्या दिशेने तिरपे जाणाऱ्या आऱ्यांचे पेटंट घेतले. आरे सरळ केंद्रातून न निघता हबच्या कडेला स्पर्श करून निघाल्यामुळे चाक फिरवणारा आणि थांबवणारा जोर त्यांना पेलता येऊ लागला. हब म्हणजे चाकाच्या मध्यभागीचा पोकळ धातूचा भाग, ज्यात बेअरिंग आणि बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा ड्रमही सामावलेला असतो. हब, आरे, निपल, रिम, बेअरिंग, त्यांच्यामधील नळी, आस आणि टायर हे सर्व परस्परांवर अवलंबून असल्याने एक भाग बदलला की उरलेल्यांची मापे पुन्हा तपासावी लागतात.

मुंबईत उरलेल्या जुन्या गाड्या तीन निरनिराळ्या मापपरंपरांतून आल्या आहेत. पहिली इंग्लिश परंपरा, म्हणजे बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस या आयात गाड्या आणि १९५५ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट. दुसरी मध्य युरोपीय, जिच्यात म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत बनवलेल्या जावा व येझदी आणि पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ येतात. तिसरी जपानी, जी १९८३ मध्ये राजदूत ३५० च्या रूपाने आणि पाठोपाठ इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १०० व यामाहा आरएक्स १०० यांच्या रूपाने घरोघरी पोहोचली. पहिली परंपरा इंचांत विचार करते, उरलेल्या दोन मिलिमीटरमध्ये; आणि भारताने स्वतः १९५६ च्या वजनमापे कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारल्यामुळे इथल्या कारागिरांच्या दोन पिढ्यांना दोन्ही पट्ट्या एकाच हातात धराव्या लागल्या. पन्नास-साठ वर्षांत एखाद्या गाडीच्या चाकात या तिन्ही परंपरांचे भाग येऊन बसलेले असणे मुळीच विरळ नाही. त्यामुळे टाकीवरील नावावरून आतल्या भागाचे माप ठरवू नये, हा या कामाचा पहिला नियम मानला पाहिजे.

या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण बेअरिंगचे आहे. बेअरिंग म्हणजे दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या बसवून घर्षण कमी करणारा भाग. त्याची बाहेरची कडी हबमध्ये घट्ट बसते आणि आतल्या कडीतून आस जातो. मेट्रिक मालिकेतील ६२०४ या सर्वत्र मिळणाऱ्या बेअरिंगचे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि जाडी १४ मिलिमीटर असते. इंग्लिश यंत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाऊण इंची भोकाच्या बेअरिंगची मापे पाऊण इंच, एक पूर्णांक सात अष्टमांश इंच आणि नऊ सोळांश इंच अशी असतात. मिलिमीटरमध्ये ती अनुक्रमे १९.०५, ४७.६३ आणि १४.२९ भरतात. दोन्ही बेअरिंगे हातात घेतली तर नजरेला एकसारखी दिसतात आणि दुकानाच्या फळीवर एकमेकांशेजारी ठेवली तर अनुभवी माणूसही क्षणभर फसेल. पण इंची हबमध्ये मेट्रिक बेअरिंग बसवले, तर बाहेरच्या बाजूला सहा दशांश मिलिमीटरहून अधिक आणि आसाभोवती जवळजवळ एक मिलिमीटर मोकळीक राहते. ही मोकळीक पत्र्याची पट्टी गुंडाळून भरण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. पट्टी काही महिन्यांत चेपते, हबचे भोक अंडाकृती होते आणि मग जो हब पुन्हा मिळणे दुर्मीळ तोच कायमचा निकामी होतो. इंची मापाची बेअरिंगे आजही तयार होतात आणि मागवता येतात. एका बेअरिंगच्या बचतीसाठी हब गमावणे हा या क्षेत्रातला सर्वांत खेदजनक व्यवहार म्हणावा लागेल. तथापि सर्वच इंग्लिश गाड्यांत इंची बेअरिंग असते असेही नाही, काहींत मूळपासूनच मेट्रिक मापाचे बेअरिंग सापडते, म्हणून व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचा अंश मोजणारी सरकपट्टी, हाती घेतल्यावाचून कोणतेही विधान करू नये.

बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वाचता आला तर शोध पुष्कळ सोपा होतो. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे मिलिमीटर मिळतात. ०३ असल्यास १७ आणि ०२ असल्यास १५ मिलिमीटर. क्रमांकापुढे २आरएस अशी खूण असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण आहे असे समजावे. जुन्या गाड्यांत उघडे, ग्रीस भरून वापरायचे बेअरिंग असे. त्याच मापाचे झाकणबंद बेअरिंग बसवणे हा मुंबईच्या हवामानात उचित बदल आहे, कारण अंधेरीच्या भुयारी मार्गात किंवा लालबहादूर शास्त्री मार्गाच्या सखल भागांत पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यातून एकदा जरी गाडी गेली तरी उघड्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनीही या बदलाला हरकत घेऊ नये. तो बाहेरून दिसत नाही, पूर्ववत करता येतो आणि गाडीचे आयुष्य वाढवतो.

दोन बेअरिंगांच्या मध्ये असलेल्या साध्या नळीची मात्र बाजारात कोणी चौकशी करत नाही. या नळीमुळे आसाचा नट घट्ट केल्यावर दोन्ही आतल्या कड्या एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर राहतात आणि नटाचा जोर नळी सोसते. जुनी नळी गंजून आखूड झाली किंवा कधीतरी दुरुस्तीत गहाळ झाली, तर तोच जोर गोळ्यांवर आडवा येतो, बेअरिंग तापते आणि काही दिवसांत निकामी होते. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, ही नळी अगदी थोड्या वेळात बनते. अट एवढीच, की हबमधील दोन बैठकांतले अंतर आधी अचूक मोजलेले असावे.

रिमच्या बाबतीत होणारी चूक आणखी निराळी आहे. रिमचे नाममाप टायरची कड जिथे बसते त्या खाचेच्या व्यासावर ठरते, बाहेरच्या काठावर नव्हे. त्यामुळे १८ इंची म्हणून विकली जाणारी रिम टेपने बाहेरून मोजली तर सुमारे १९ इंच भरते आणि १९ इंची रिम सुमारे २० इंच. घरून टेपने मोजून बाजारात गेलेला गृहस्थ एक इंच मोठी रिम घेऊन येतो याचे कारण हेच. बुलेटची जुनी चाके १९ इंची, जुन्या जावाची १६ इंची आणि जपानी गाड्यांची बहुतेक १८ इंची, असा ढोबळ ठोकताळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. रुंदीसाठी इंग्लिश पद्धतीत डब्ल्यूएम ही अक्षरे आणि पुढे एक अंक येतो: डब्ल्यूएम १ म्हणजे १.६० इंच, डब्ल्यूएम २ म्हणजे १.८५ आणि डब्ल्यूएम ३ म्हणजे २.१५ इंच.

व्यास आणि रुंदी जुळूनही रिम चुकीची असू शकते, आणि इथे या विषयाचा सर्वांत सूक्ष्म भाग सुरू होतो. बुलेटच्या चाकात ४० आरे असतात, आरएक्स १०० सारख्या जपानी गाडीच्या चाकात ३६. म्हणजे भोकांची संख्या आधी मोजावी लागते. संख्या जुळली तरी भोकांचा कोन जुळला पाहिजे, कारण रिममध्ये प्रत्येक भोक ठोकून एक लहानसा खोलगट उंचवटा केलेला असतो आणि त्याचे तोंड विशिष्ट हबच्या विशिष्ट कडेकडे वळवलेले असते. मोठ्या ड्रमच्या हबमध्ये आरा आखूड आणि जास्त तिरपा येतो, लहान हबमध्ये लांब आणि कमी तिरपा. एका हबसाठी छिद्रे पाडलेली रिम दुसऱ्या हबवर ताणून बसवली, तर निपलपाशी आऱ्याला बाक येतो. गाडी चालताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्या बाकावर ताण कमी-जास्त होत राहतो, धातू थकतो आणि आरा नेमका तिथेच तुटतो. असे तुटलेले आरे पाहून ‘माल हलका होता’ असा निष्कर्ष काढला जातो. माल चांगला असूनही कोन चुकलेला असतो ही शक्यता क्वचितच तपासली जाते. ज्यांना भोके न पाडलेली कोरी रिम मिळते त्यांनी तिला आपल्या हबच्या मापानुसार भोके पाडून घ्यावीत.

आऱ्यांची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड; आठ गेजची तार ४.०६ मिलिमीटर आणि दहा गेजची ३.२५ मिलिमीटर असते. लांबी डोक्याजवळच्या बाकाच्या आतून टोकापर्यंत मोजतात. एकाच चाकात ड्रमच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, हबच्या कडेच्या आतून येणारे आणि बाहेरून येणारे आरे लांबीने किंवा डोक्याच्या कोनाने वेगवेगळे असू शकतात, म्हणून चाक सोडवताना प्रत्येक प्रकारचा एकेक नमुना बाजूला बांधून ठेवणे हिताचे. गंजलेल्या आऱ्यांना नव्याने मुलामा चढवण्याचा मोह मात्र आवरावा. विद्युत मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखालील तार ठिसूळ होते. मुलाम्यानंतर योग्य तापमानाला तास न् तास भाजून हा हायड्रोजन घालवला नाही, तर चकाकणारा आरा काही न सांगता तुटतो. जुना आरा घासून चमकवण्यापेक्षा योग्य गेजचा नवा घेणे हाच शहाणपणा आहे.

आट्यांविषयी थोडक्यात एवढे सांगितले पाहिजे की व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, तर मेट्रिक आट्याचा आणि इंग्लिश सायकल-मोटारसायकलींसाठी ठरवलेल्या सायकल आट्याचा ६०. सायकल पद्धतीत बहुतेक ठिकाणी इंचाला २६ आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर सुमारे ०.९८ मिलिमीटर असते. हे अंतर एक मिलिमीटरच्या मेट्रिक आट्याच्या इतके जवळ आहे की चुकीचा नट पान्याच्या जोराने काही फेरे चढतोही. चढलेला नट जुळलेला मानणे चाकाच्या आसाच्या बाबतीत जिवावर बेतू शकते.

हे भाग शोधण्याची मुंबईतील ठिकाणे ठरलेली आहेत. दक्षिणेला चोरबाजार आणि उपनगरवासीयांना त्याहून जवळचा कुर्ल्याचा सीएसटी रोड, जिथे भंगारात आलेल्या गाड्यांचे सुटे केलेले हब, ड्रम आणि रिमांच्या चळती दिसतात. या बाजारात भाग कंपनीच्या क्रमांकाने ओळखला जात नाही. बुलेटचा ड्रम, येझदीची रिंग, आरएक्सचा पुढचा हब अशा नावांनीच व्यवहार होतो, आणि ही नावे दीर्घ अनुभवातून आली असली तरी एकाच गाडीच्या निरनिराळ्या सालांतले फरक त्यांत झाकले जातात. राजदूत ३५० चेच पाहावे. ज्या यामाहा आरडी ३५० वरून ती घेतली तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, भारतीय गाडीला मात्र ड्रम दिला गेला. त्यामुळे परदेशातून मागवलेले आरडीचे पुढचे चाक भारतीय गाडीच्या फोर्कमध्ये सरळ बसत नाही, त्यासाठी आसापासून फोर्कच्या पायापर्यंत सर्व बदलावे लागते. नावावर विसंबून मागवणाऱ्याला हे पार्सल उघडल्यावर कळते.

बाजारापेक्षाही मोलाची गोष्ट उपनगरांनी जपली आहे ती लेथवरच्या हातांची. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीला महिंद्र, भांडुपला सिएट टायर आणि लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणारी ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, विक्रोळीला गोदरेज, अशा कारखान्यांमुळे टर्नर, फिटर आणि टूलरूमच्या कारागिरांची वस्ती या पट्ट्यात वाढली. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लहान उद्योग मरोळ, साकीनाका, भांडुप आणि मुलुंडच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत थाटले गेले. मोठ्या कारखान्यांपैकी काही बंद झाले किंवा शहराबाहेर गेले आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे व मॉल आले, तरी काही गाळ्यांत लेथ अजून फिरते आहे. अंडाकृती झालेले हबचे भोक किंचित मोठे आणि पुन्हा गोल करून त्यात पोलादी स्लीव्ह, म्हणजे नेमक्या मापाचे कडे, दाबून बसवणे, त्या कड्याचे आतले भोक बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबाने लहान ठेवणे, ब्रेकचा ड्रम चाक आऱ्यांनी ताणून झाल्यावर आसाच्या केंद्रावरूनच फिरवून कातणे, कारण ताणाने ड्रमही थोडा वाकतो, या गोष्टी ज्याला कळतात तो माणूस जुन्या गाड्यांच्या बाबतीत कोणत्याही दुकानापेक्षा अधिक उपयोगी आहे. त्याच्या कामाची मजुरी मात्र ताशी हिशेबाने आणि घासाघीस करून ठरते, ही बाब मनाला लागते.

काही ठिकाणी तडजोडीला जागा नाही. तडा गेलेला हब वेल्डिंगने सांधून पुढच्या चाकात वापरू नये. कातून कातून पातळ झालेला ड्रम जाड लायनिंग लावून चालवू नये. आणि जुन्या मापाचा टायर मिळाला या आनंदात त्याचे वय विसरू नये: सन २००० पासून टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, न वापरलेला टायरही गोदामात पडून कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड भरवशाची राहत नाही. जिथे ३.२५-१९ सारखे माप बुलेटमुळे आजही नव्याने तयार होते, तिथे पंचवीस वर्षांपूर्वीचा ‘कोरा’ टायर जपून लावण्यात काही भूषण नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले आणि त्यासाठी वाहन मूळ रूपात राखलेले असावे अशी अट घातली. चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांतील बदल त्या अटीला बाधक ठरतात. आरे, बेअरिंग, टायर हे झिजून बदलण्यासाठीच बनवलेले भाग आहेत आणि मूळपणाच्या कल्पनेत त्यांना कंपनीच्या शिक्क्यापेक्षा योग्य मापाची कसोटी लावणे न्याय्य आहे. म्हैसूरचा कारखाना बंद होऊन जवळपास तीन दशके झाली. मूळ डब्यातला भाग मिळेल या आशेवर गाडी उभी ठेवण्याने उरलेला भागही गंजतो.

या कामातली खरी टंचाई लिखित नोंदीची आहे. कोणत्या सालच्या कोणत्या हबला कोणत्या लांबीचा, कोणत्या कोनाचा आरा लागतो, आसाचे आटे कोणते आणि मधली नळी किती लांब, हे ज्ञान आज थोड्या वयस्कर कारागिरांच्या स्मरणात आणि त्यांच्या तेलकट वह्यांत आहे. मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नर आणि फिटरचे अभ्यासक्रम चालतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी काल्पनिक तुकडे कातण्याऐवजी एखाद्या जुन्या हबचे मोजमाप करून त्याचे रेखाचित्र काढले, तर त्यांचा हातही घडेल आणि नोंदही उरेल. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी चाक सोडवण्यापूर्वी आऱ्यांची मांडणी दोन्ही बाजूंनी छायाचित्रात घ्यावी, रिम हबच्या कडेपासून किती सरकलेली आहे ते मोजावे, प्रत्येक भागाचे माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांतच ठेवावा. भंगारात काही द्यायचेच झाले तर रिम द्यावी, हब देऊ नये.